पँटोमध्ये पहिल्यांदा उतरताय? मग या चुका टाळा

इंग्लंडात गावोगावी हौशी नाटक ग्रुप असतात आणि त्यांचं वर्ष साधारण ठरलेलं, हिवाळ्यात पँटोमाइम आणि पुढे मे-जूनच्या सुमारास एखादं विनोदी नाटक. आमच्या ग्रुपचं बॅकस्टेज मी बारा वर्षं सांभाळतोय. हल्ली आपली मराठी मंडळीही यात यायला लागलीत, म्हणून मुद्दाम मराठीत लिहितोय. आधी एक, पँटो म्हणजे पँटोमाइम, पण मूकनाट्य नव्हे, तर परीकथेवरचं गाणी-विनोदाचं धमाल नाटक. इथे कुणीच गप्प बसत नाही, प्रेक्षक तर नाहीच नाही.

आणि सगळ्यात मोठी चूक तिथेच होते, प्रेक्षकांशिवाय तालीम करणे. भुताचा बाक हा जुना प्रसंग घ्या. तिघं बाकावर बसून गाणं म्हणतात, मागून भूत येतं, पोरं "बिहाइंड यू!" म्हणून किंचाळतात, तिघं नेमके उलट्या बाजूला बघतात आणि भूत एकेकाला पळवतं. एका वर्षी आमचा हिरो नवा होता, पाठांतर चोख, एक शब्द चुकायचा नाही. शनिवारचा दुपारचा शो, दीडशे पोरं एकदम ओरडली आणि हा दचकून खरंच मागे वळला, समोर भूत! चार मिनिटांचा प्रसंग अर्ध्या मिनिटात खलास. विंगेत व्हिलनची अजून बटणं लागत होती, पियानोवाला पानं चाळत होता, आणि रिकाम्या स्टेजकडे बघत पोरं हळूहळू शांत झाली. ती शांतता मला अजून आठवते, पोरांचा हक्काचा आनंद आपण हिसकावून घेतला असं वाटलं.

तेव्हापासून तिसऱ्या आठवड्यापासूनच मी, ज्यांचा सीन नाही त्या सगळ्यांना खाली बसवून ओरडायला लावतो. पोरं दाखवतील त्याच्या उलट वळायचं, सावकाश, आणि भुताने पाठीला चिकटून फिरायचं. हशा आला की थांबायचं, पण पूर्ण शांत होईपर्यंत नाही, आवाज चढून उतरायला लागला की पुढचं वाक्य टाकायचं. हे घरी आरशासमोर येत नाही. "मी डायरेक्ट रंगीत तालमीला येतो" म्हणणाऱ्याला तर मी कामच देत नाही.

दुसरी माझ्या डोक्यात जाणारी गोष्ट म्हणजे स्लॉश सीनमधले शॉर्टकट. स्लॉश म्हणजे फेसाची फेकाफेकी. एकाने घाई म्हणून भांडी घासायच्या लिक्विडचा फेस केला, फरशीची घसरगुंडी झाली, आणि पुढच्याच डान्समध्ये एक मुलगी धाडकन पडली, मनगट सुजलं. फेस माझ्या पद्धतीनेच होतो, शेव्हिंग सोपच्या कांड्या किसायच्या, गरम पाण्यात भिजवायच्या आणि ड्रिलला रंग ढवळायचं पातं लावून घट्ट होईपर्यंत घुसळायचं. डबा दाबून निघणारा फेस दिव्यांखाली टिकत नाही. खाली कडा चिकटवलेली ताडपत्री हवी, आणि लगेच पुढचा सीन पडद्यापुढे घ्यायचा म्हणजे मागे पुसायला वेळ मिळतो. पुसल्यावर मी स्वतः अनवाणी चालून बघतो.

डेम, म्हणजे पुरुषाने केलेली बाई, करणाऱ्यांनी आवाज बारीक करू नका. आपल्या गौळणीतली मावशी आठवा, ती पुरुष आहे हे कुणीच विसरत नाही आणि तीच तर गंमत. स्वतःच्या आवाजात बोला.

चावट जोक मोठ्यांना कळावा, पोरांच्या डोक्यावरून जावा. तसं होत नसेल तर काढा.

परी प्रेक्षकांच्या उजवीकडून येत नाही. तिची बाजू डावी, उजवी व्हिलनची. दरवर्षी कुणीतरी विचारतंच.

लहान मुलं घेणार असाल तर कौन्सिलच्या परवान्याचं आधीच बघा, निदान 21 दिवस हातात ठेवून अर्ज करा, आणि 12 मुलांमागे किमान एक चॅपरोन, म्हणजे मुलांवर लक्ष ठेवणारा मोठा माणूस, लागतो. हे शेवटच्या आठवड्यात आठवणाऱ्यांवर मी खरंच चिडतो, मुलांचा प्रश्न आहे.

विनोदी नाटकात दारं पहिल्या तालमीपासून हवीत, निदान नुसत्या चौकटी तरी. दार आत उघडतं की बाहेर यावर अख्खी धावपळ बसवलेली असते.

आणि पँटोच्या अगदी शेवटच्या दोन यमकाच्या ओळी तालमीत म्हणायच्या नसतात, अपशकुन मानतात, थेट पहिल्या प्रयोगालाच. आमच्याकडे त्या जागी सगळे नुसत्या टाळ्या वाजवतात आणि दिवे बंद करून घरी जातात.