जुनं नाणं हातात आलं तर त्याची तेव्हाची किंमत कशी काढायची

मागच्या दिवाळीत तापीकाठी मामांकडे गेलो होतो, त्यांनी आजोबांच्या डब्यातून तीन नाणी काढून हातावर ठेवली, म्हणे "भाचा, हाई काय शे सांग". मी लगेच शहाणपणा केला आणि एक नाणं चिंच लावून चोळलं, चकचकीत झालं खरं पण वरची निम्मी चिन्हं गायब. म्हणून आधी हेच सांगतो की घासू नका, साध्या पाण्यात बुडवून मऊ ब्रश फिरवा न वाळू द्या, बास.

आता अशा दोनेक हजार वर्षांपूर्वीच्या नाण्यावर किंमतीचा आकडा शोधत बसू नका, तो नसतोच. आपल्या दहाच्या नाण्यात दहा रुपयांचा धातू नाही, सरकार म्हणतं म्हणून चालतं, तेव्हाच्या चांदीच्या नाण्याचं उलटं होतं, वजन हीच किंमत. त्यामुळे थेट सराफाकडे जा, जळगावात काय दुकानांना तोटा नाही, आणि मिलीग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर वजन करा. वेड्यावाकड्या चौकोनी चांदीच्या तुकड्यावर सूर्य वगैरे वेगवेगळे ठसे मारलेले असतील, बहुतेक पाच, तर ते आहत नाणं, म्हंजे कार्षापण. त्याचं ठरलेलं वजन ३२ गुंजा, साधारण ३.४ ग्रॅम. आमचं भरलं ३.११, शेकडो वर्षं हाताळून झिजलेलं. कोपरा कापलेला दिसला तर लगेच कोणी चोरी केली समजू नका, वजन बरोबर बसवायला टाकसाळीतच कापायचे. मागचे बारीक ठसे तपासणाऱ्या सराफांचे असावेत असं मानतात.

चांदी खरी आहे का बघायला काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्य करा, नाणं दोऱ्याने पाण्यात लटकवा पण तळाला टेकवू नका, जो आकडा येईल त्याने वजनाला भागा. आमचं आलं ०.३०४, म्हंजे भागाकार सव्वादहाच्या आसपास. शुद्ध चांदीचा साडेदहा येतो न तांब्याचा नऊ, म्हणजे चांदीत थोडं तांबं आहे. यात फसवणूक नाही बरं का, कौटिल्याच्या अर्थशास्त्रात 'पण' नावाच्या चांदीच्या नाण्यात चौथा हिस्सा तांबं घालायला सांगितलंय, आणि नाणी पारखायला रूपदर्शक नावाचा वेगळा अधिकारीच होता.

दुसरं नाणं छोटं, गोल, दोनेक ग्रॅमचं, एकीकडे राजाचं तोंड न दुसरीकडे तीन कमानींचा डोंगर. हे पश्चिमी क्षत्रपांचं, म्हंजे पश्चिम भारतावर राज्य करणाऱ्या शक राजांचं. यांच्यातल्या बऱ्याच नाण्यांवर डोक्यामागे ब्राह्मी आकडे असतात आणि लोक त्यालाच किंमत समजतात, पण ते शक वर्ष आहे, ७८ मिळवले की इसवी सन. राजा बदलला तरी चांदी तीच राहते, १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभीला नहपान या क्षत्रप राजाची तेरा हजारांवर नाणी सापडली, त्यातल्या बहुतेकांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने वितळवायच्या भानगडीत न पडता सरळ आपला ठसा मारलेला.

तिसरं शिशाचं, हत्तीवालं, सातवाहनांचं. इथे वजनाचा हिशोब जुळवायला जाऊ नका, वजनं कमीजास्त असतात, आणि शिशाला तशी काय किंमत. ही चिल्लर, आपल्या भागात चालणारी, बाजारहाटाला.

एक सांगायचं राहिलं, घरातलं ठीक पण शेतात नांगरताना नाण्यांचं गाडगं लागलं तर गुपचूप विकू नका, १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांवरचा ठेवा सापडला की कलेक्टरला कळवावं लागतं.

मामांचा खरा प्रश्न वेगळाच होता, "याच्यात तेव्हा काय यायचं?" त्याचं उत्तर नाशिकच्या पांडवलेणीत कोरलंय. नहपानाचा जावई उषवदात याने विणकरांच्या श्रेणीकडे, म्हंजे संघाकडे, २००० कार्षापण ठेवले, महिना शेकडा एक व्याजाने, मुद्दल परत घ्यायचं नाही फक्त व्याज खायचं, आपल्या पतसंस्थेतल्या कधीच न मोडायच्या एफडीसारखंच की. वर्षाचे झाले २४०, त्यातून वीस भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण कापडासाठी. तिथेच ३५ कार्षापणांना एक सुवर्ण, म्हंजे सोन्याचं नाणं, असा भावही दिलाय. अभ्यासक हा कार्षापण म्हंजे क्षत्रपांचं चांदीचं नाणंच धरतात, तेव्हा मामांना म्हटलं, हे छोटं गोल आहे ना, ते एका भिक्षूच्या कपड्याचं महिन्याचं. मामांनी ते परत काट्यावर ठेवायला लावलं.