स्वस्तातली मिररलेस बॉडी घेताय? या चुका टाळा

मिररलेस (आत आरसा नसलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा) घ्यायचं ठरलं की आपण काय करतो, तर रात्री दोन वाजेपर्यंत दोन बॉडींनी (म्हणजे लेन्स सोडून नुसत्या कॅमेऱ्यांनी) काढलेले फोटो शेजारी शेजारी लावून झूम करकरून नॉइज, म्हणजे फोटोतले दाणे, बघतो. मी महिनाभर हेच केलं, जिचा नॉइज कणभर कमी वाटला ती बॉडी घेतली, सोबतची किट लेन्स लावली आणि मावसभावाच्या रिसेप्शनला गेलो. हॉलमध्ये उजेड बेताचा, झूम केलं की लेन्स एफ ५.६ वर (हा आकडा मोठा तेवढा आत येणारा उजेड कमी), आयएसओ (कमी उजेडात फोटो उजळवायचा कॅमेऱ्याचा आकडा, वाढला की दाणे दिसतात) गेला १२८०० ला, आणि नवरीच्या शालूची जर म्हणजे नुसता रवा सांडल्यासारखी. मावशी अजून विचारते, फोटो कधी देतोस रे.

तर सगळ्यात मोठी चूक हीच, की या बजेटमधल्या बॉडींमध्ये इमेज क्वालिटीचा जमीन-अस्मानाचा फरक असतो असं समजणं. निकॉनचे झेड ५०, झेड एफसी आणि झेड ३० घ्या, तिघांतही २०.९ मेगापिक्सलचा एपीएस-सी मापाचा सेन्सर (उजेड टिपणारी चिप), फोटोवरून कुठला कुठला ओळखून दाखवा. सोनी ए६४०० किंवा कॅनन आर५० घेतला तरी २४ च्या आसपास, डोळ्याला फरक नाहीच. पण एफ ५.६ वरून एफ १.८ वर आलात तर जवळजवळ दहापट उजेड आत येतो, म्हणजे तोच १२८०० चा फोटो १६०० च्याही खाली निघतो, आणि हे कुठलीच बॉडी बदलून होत नाही. म्हणून बजेट मांडताना आधी एका प्राइम लेन्सचे (झूम न होणारी, एफ १.८ सारखी) पैसे बाजूला काढा. फक्त सवयीने ५० एमएम उचलू नका, एपीएस-सी वर ती ७५-८० सारखी दिसते, घरात केक कापताना भिंतीला पाठ टेकली तरी सगळे फ्रेममध्ये मावत नाहीत, ३५ किंवा त्याहून रुंद बघा.

मेगापिक्सलचं भूत पण उतरवा. लग्नाच्या अल्बमचं १२ बाय १८ इंचाचं पान ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) साधारण १९ मेगापिक्सलमध्ये बसतं, व्हॉट्सअ‍ॅपला तर त्यातलं काहीच उरत नाही.

मग कुणीतरी सांगतं, जुना फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा कॅमेरा, घे. सेन्सर एपीएस-सी च्या सव्वादोनपटीहून मोठा असतो हे खरं, अंधारात साधारण एका स्टॉपचा (म्हणजे दुप्पट उजेडाएवढा) फायदा होतो, पण लेन्सच्या किमती बघून घाम फुटतो. आणि फुल फ्रेम म्हणजे सगळ्याच बाबतीत भारी असंही नाही, कॅनन आरपी (२०१९ चा) घेऊन कमी आयएसओला काढलेल्या फोटोतल्या सावल्या एडिटिंगमध्ये उजळून बघा, तिथे बरेच एपीएस-सी पुढे जातात. कॅननचा सेकंडहँड एम५० स्वस्त दिसतो त्याचंही कारण आहे, ती एम सिरीज बंद झालीये आणि तिच्या लेन्स कॅननच्या नवीन आर बॉडीला बसतच नाहीत.

आता, कॅमेरा घेतलाय आणि फोटोत आडवे पट्टे येतायत? सेन्सर खराब नाहीये, सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर चालू राहिलंय. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, मेकॅनिकल शटर (खरा हलणारा पडदा) लावा आणि स्पीड १/१०० किंवा १/५० ठेवा, बहुतेक वेळा पट्टे जातात (स्टेजमागच्या एलईडी वॉलचं मात्र काही सांगता येत नाही, तिथे स्पीड थोडा थोडा बदलून बघायचा). सोनी झेडव्ही-ई१० चं २०२४ चं दुसरं मॉडेल घेणार असाल तर त्यात मेकॅनिकल शटर दिलेलंच नाही, व्हिडिओवाल्यांना चालेल, हॉलमध्ये फोटो काढणाऱ्याने विचार करावा.

चेहरे मेणाचे दिसत असतील तर जेपेगचं नॉइज रिडक्शन (कॅमेऱ्याने आपणहून दाणे पुसणं) लो करा किंवा रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल) काढा. नंतर उजळू म्हणून मुद्दाम काळपट फोटो काढायची सवय पण सोडा, खरा रवा तिथेच सांडतो.

सेकंडहँड घेताना एफ १६ ला, फोकस मुद्दाम हलवून, मोकळ्या आभाळाचा एक फोटो काढा. ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे, ती साफ होते, पण बारीक रेघ दिसली आणि लेन्स बदलूनही जागची हलली नाही तर सरळ कॅमेरा परत द्या.