डोपेलबॉक चाखताना आणि जोखताना या चुका टाळा

डोपेलबॉक ही जर्मनीतली कडक, मॉल्टप्रधान बिअर. स्पर्धांमधल्या तिच्या बहुतेक फसलेल्या गुणपत्रिकांच्या मुळाशी एकच गैरसमज आढळतो, आणि तो म्हणजे बिअर जितकी गोड तितकी ती समृद्ध. म्युनिकच्या पाउलानर मठातील साधूंनी उपवासाच्या काळात पोटाला आधार म्हणून ही दाट लागर, म्हणजे थंडीत सावकाश मुरवलेली बिअर, गाळली, ही कथा प्रत्येकाला पाठ असते. त्यामुळे पेल्यात पाकासारखे काहीतरी चिकट उतरेल, अशी अपेक्षा धरूनच लोक टेबलावर बसतात. मठातली ती जुनी बिअर आजच्यापेक्षा गोड आणि सौम्य होती, हे खरे आहे; परंतु तिचीच वंशज असलेल्या आजच्या साल्वाटोरमध्ये, म्हणजे पाउलानर ब्रुअरीच्या डोपेलबॉकमध्ये, अल्कोहोल ७.९ टक्के आहे, म्हणजेच मॉल्टमधली (मोड आणून वाळवलेल्या धान्यातली) बरीचशी साखर यीस्टने खाऊन टाकलेली असते. जर्मनीत बॉक म्हणवण्यासाठी वर्टमध्ये, म्हणजे किण्वनापूर्वीच्या मॉल्टरसात, किमान १६ टक्के अर्क, म्हणजे विरघळलेली साखर आणि इतर घटक, असावा लागतो आणि डोपेलबॉकसाठी तो १८ टक्क्यांपासून पुढे धरतात. एवढ्या अर्कातून जो भरीवपणा उरतो, तो उरलेल्या साखरेपेक्षा म्युनिक मॉल्ट या किंचित जास्त भाजलेल्या मॉल्टच्या खरपूसपणातून अधिक येतो. साखरेचे पाणी आणि आटवलेली बासुंदी दोन्ही गोडच लागतात, पण त्यांत गल्लत कोणी करत नाही; डोपेलबॉकच्या बाबतीत मात्र ती सर्रास केली जाते.

घरगुती ब्रूअरांच्या एका स्पर्धेत मी या गल्लतीचा चांगलाच अनुभव घेतला. आमच्या टेबलावर डोपेलबॉकचे नमुने थेट शीतकपाटातून आले होते, आणि शेजारी बसलेल्या नवख्या परीक्षकाला पुढच्या गटाकडे जाण्याची कमालीची घाई होती. पहिला नमुना जिभेला चिकटणारा, सरळसोट गोड. दुसरा गडद तांबूस, वासाला जवळजवळ मुका आणि घोट संपताना किंचित कोरडा. त्या गृहस्थांनी ५० पैकी पहिल्याला ४१ आणि दुसऱ्याला २७ गुण देऊन पेन बंदही केले. माझे आकडे जवळपास उलटे होते. एका टेबलावरच्या गुणांत ७ पेक्षा अधिक अंतर पडले, तर चर्चा करून ते कमी करावे असा प्रघात आहे. म्हणून मी दोन्ही ग्लास पंधरा मिनिटे तसेच ठेवायला लावले आणि तोवर पाव चघळत बसलो. थंडी उतरताच दुसऱ्या ग्लासातून भाजलेल्या पावाच्या कडेचा वास, त्यामागे वाळवलेल्या आलुबुखाऱ्याची पुसट छटा आणि अगदी शेवटी अल्कोहोलची मऊ ऊब, असे एकेक पदर सुटू लागले. पहिल्या ग्लासातून मात्र आधी लोण्याचा आणि मग किण्वन अर्धवट राहिलेल्या वर्टचा वास आला. गृहस्थांनी मुकाट्याने गुण खोडले. पहिल्या बिअरच्या ब्रूअरने नंतर स्वतःच सांगितले की तिची अंतिम घनता, म्हणजे किण्वन थांबल्यावर पाण्याच्या तुलनेत उरलेली घनता, १.०३२ वर अडकली होती. डोपेलबॉकमध्ये ती साधारण १.०१६ ते १.०२४ या टप्प्यात येणे अपेक्षित असते.

म्हणून माझी सवय अशी आहे की नमुना ओतल्याबरोबर एकदा हुंगून घ्यायचे, कारण गंधकासारखे उडून जाणारे वास पहिल्या मिनिटातच सापडतात. त्यानंतर वासाच्या रकान्यात दोन शब्द लिहून ग्लास बाजूला ठेवायचा आणि बिअर ८ ते १२ अंश सेल्सियसपर्यंत आल्यावर पुन्हा हुंगायची. खरे गुण या दुसऱ्या फेरीत ठरतात. ४ अंशांवर चाखलेल्या डोपेलबॉकला गुण देण्यात मला काहीही अर्थ दिसत नाही. ग्लास कोमट पाण्यात बुडवून वेळ वाचवणारेही मी पाहिले आहेत. काचेलगतची बिअर तापते, मधली थंडच राहते आणि बुडबुडे मात्र निघून जातात. तळवे ग्लासाभोवती धरून थांबणे ज्याला जमत नाही, त्याने परीक्षणासाठी थंडच प्यायल्या जाणाऱ्या फिकट पिल्सनरचे टेबल मागून घ्यावे.

दुसरी चूक लोण्याच्या वासाची आहे, आणि ती दोन्ही दिशांनी होते. कोणी मॉल्टच्या खरपूस, किंचित टॉफीसारख्या वासाला डायअसिटिल समजून निर्दोष बिअरचे गुण कापतो, तर कोणी खऱ्याखुऱ्या डायअसिटिलला मॉल्टची श्रीमंती मानून तिची पाठ थोपटतो. डायअसिटिल हे यीस्टच्या कामातून मागे राहणारे संयुग असून सिनेमागृहातल्या पॉपकॉर्नवर असतो तसा त्याचा वास असतो. त्याचे प्रमाण जास्त असेल तर जीभ टाळूवरून निसटल्यासारखी, तुळतुळीत वाटते. मॉल्टचा वास भाजणीच्या जातीचा असतो आणि घोट गिळल्यावर जीभ स्वच्छ राहते. ग्लासाच्या तोंडावर तळहात ठेवून अर्धा मिनिट हलक्या हाताने फिरवावे आणि हात काढताक्षणी नाक आत घालावे. साठलेल्या वासात लोणी असेल तर ते लपत नाही.

हाच घोळ ब्रूअरला बाटली भरण्याआधी घरीच पकडता येतो. किण्वन आटोपत आले की टाकीतून दोन छोटे नमुने काढावेत, दोन्ही झाकावेत, एक गार ठेवावा आणि दुसरा साधारण ६० ते ७० अंशांच्या पाण्यात वीसएक मिनिटे ठेवून मग गार करावा. तापवलेल्या नमुन्याला लोण्याचा वास आला आणि दुसऱ्याला आला नाही, तर डायअसिटिलची पूर्वावस्था अजून बिअरमध्ये शिल्लक आहे आणि ती पुढे बाटलीत डोके वर काढणार, हे निश्चित समजावे. अशा वेळी यीस्ट अजून जिवंत असतानाच तापमान १५ ते १८ अंशांपर्यंत चढवून काही दिवस द्यावेत आणि चाचणी पुन्हा करावी. लागर म्हणजे शून्याजवळच्या तापमानात काही आठवडे, प्रसंगी महिने झोपलेली बिअर. डोपेलबॉकसारख्या जड बिअरची ही झोप मोडून पंचविसाव्या दिवशी ती स्पर्धेला पाठवणाऱ्यांचा उत्साह मला समजत नाही. त्यांच्या बाटल्यांतून कच्च्या अल्कोहोलची जळजळ येते, आणि तिलाच ते ‘जोरदार’ म्हणतात.

रंग पाहून चव ठरवू नये. डोपेलबॉकचा गडद तपकिरी रंग आणि उजेडात दिसणारी माणकासारखी झाक प्रामुख्याने म्युनिक मॉल्टमधून येते. मॅशचा, म्हणजे गरम पाण्यात भिजवलेल्या मॉल्टच्या लगद्याचा, काही भाग वेगळा काढून उकळून परत घालण्याच्या जुन्या पद्धतीनेही खरपूसपणात भर पडते. चॉकलेटची हलकी सूचना चालते. कॉफी, राख किंवा करपलेपणा लागला, तर ब्रूअरने रंगासाठी काळे मॉल्ट ओतण्याचा आडमार्ग घेतला आहे, असे समजून गुण कापावेत. फिकट, सोनेरी डोपेलबॉकही असतो, म्हणून रंग उजळ दिसला एवढ्यावरून कोणालाही बाद करू नये.

केळ्याचा वास आला तर किण्वन गरम झाले होते. उकडलेल्या मक्याच्या कणसाचा वास आला तर वर्ट पुरेसे उकळले नव्हते किंवा सावकाश थंड केले होते. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बिअरला हवा लागली आहे; म्युनिकहून सामानात आणलेली आणि मुंबईच्या मे महिन्यात कपाटात ठेवलेली बाटली असेल, तर तिच्यावरून त्या ब्रुअरीचा निवाडा अजिबात करू नये. साबणाचा अंश राहिलेल्या ग्लासात फेस टिकत नाही, त्यामुळे फेसाचे गुण कापण्याआधी ग्लास बदलावा. परीक्षणाआधी मसालेदार जेवण, पान आणि अत्तर, तिन्ही वर्ज्य. नमुन्यांच्या मधे साधे पाणी आणि बिनमिठाचा पाव एवढेच घ्यावे. हलक्या बिअर आधी आणि डोपेलबॉक शेवटी, हा क्रम आयोजक विसरले तर त्यांना आठवण करून द्यावी, कारण ८ टक्क्यांच्या चार नमुन्यांनंतर समोर आलेल्या हेलेससारख्या फिकट, हलक्या लागरला न्याय मिळणे अशक्य असते.

गुण मांडतानाही लोक घसरतात. बिअर परीक्षकांना प्रमाणित करणाऱ्या बीजेसीपी या संस्थेच्या गुणपत्रिकेत वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडातल्या भरीवपणाला ५ आणि एकूण परिणामाला १० गुण असतात. नवखे परीक्षक आधी मनात ३८ धरतात आणि मग रकाने त्या बेरजेला जुळवून भरतात. मी प्रत्येक रकाना भरून झाल्यावर खालून वर बेरीज करतो आणि आकडा अनपेक्षित आला, तर ग्लासाकडे परत जातो. शेरा लिहिताना ‘छान, पण काहीतरी कमी आहे’ असे वाक्य ज्याने दोन महिने टाकी सांभाळली, त्याच्या हातात ठेवू नये. ‘वासात भाजलेला पाव स्पष्ट, घोटाच्या शेवटी साखर रेंगाळते, अंतिम घनता तपासावी आणि पुढच्या वेळी यीस्टचे प्रमाण वाढवावे’, इतके लिहायला दोन मिनिटे लागतात.