दिल्लीचा हिशेब गावातून कसा मागायचा

29 वर्षं चोपडा तालुक्यात विकास सोसायट्यांचा गटसचिव होतो. सभासदाने ‘पैसे कुठं गेले?’ म्हटलं की त्याच्यापुढं किर्द, म्हणजे रोजच्या जमा-खर्चाची वही, उघडून ठेवायची, ही सवय. निवृत्त झाल्यावर हाच प्रश्न मी पारावर पंतप्रधानांबद्दल काढला, तर आबा उसळले, “तुले काय करनं शे? तू कोन इचारनारा?” मी देशाचा सभासद, आबा. मोबाइलच्या रिचार्जवरही 18 टक्के जीएसटी भरतो मी.

पण विचारायची रीत असते. ‘उधळपट्टी चाललीय’ हे पारावर खपतं, कागदावर नाही. म्हणून आधी एकच खातं पकडा. मी जाहिरातींचं पकडलं, कारण एसटी स्टँडपासून पेट्रोलपंपापर्यंत एकच चेहरा दिसतो. फोटोवर मात्र भांडू नका. सर्वोच्च न्यायालयाने 2015 सालीच सरकारी जाहिरातीत पंतप्रधानांचा फोटो चालेल असं सांगितलंय. भांडायचं ते रकमेवर.

रक्कम सापडते ती सरकारच्याच कागदात. ‘बेटी बचाओ, बेटी पढाओ’ पंतप्रधानांनी जानेवारी 2015 मध्ये पानिपतला सुरू केली. 2016 ते 2019 या काळात योजनेसाठी सोडलेल्या 446.72 कोटींपैकी 78.91 टक्के रक्कम नुसत्या प्रसिद्धीवर गेली, असं संसदेच्या महिला सक्षमीकरण समितीने डिसेंबर 2021 च्या अहवालात लिहिलं. रुपयातले 79 पैसे! आणि समितीच्या अध्यक्ष कोण? आपल्या नंदुरबारच्या तेव्हाच्या भाजप खासदार हीना गावित. हे वाचून दाखवल्यावर आबांना ‘विरोधकांचा कट’ म्हणता येईना. सत्ताधारी बाजूच्याच माणसाची सही असलेला कागद आधी शोधा, निम्मं भांडण तिथंच मिटतं.

मग अर्थसंकल्प. मंत्र्याचं भाषण सोडा, त्या खात्याच्या ‘अनुदानाच्या मागण्या’ उघडा. तिथं अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च असे रकाने असतात. प्रत्यक्षाचा आकडा दोन वर्षं जुना असतो, म्हणजे 2025-26 च्या अर्थसंकल्पात 2023-24 चा. म्हणून 2023-24 च्या अर्थसंकल्पातला अंदाज काढून त्याच्याशेजारी ठेवा. अंदाज मोठा आणि प्रत्यक्ष बारीक दिसलं की तिथं बोट ठेवा. घोषणा आणि खर्च यांतलं अंतर त्या दोन आकड्यांत असतं.

आता माहिती अधिकाराचा अर्ज. इथं मी स्वतः आपटलोय. तहसीलच्या सवयीने दिल्लीच्या अर्जावरही दहा रुपयांचं कोर्ट फी स्टँप चिकटवलं, तो महिन्याने तसाच परत आला. केंद्राला ते चालत नाही. पोस्टल ऑर्डर लावा, नाहीतर केंद्राच्या आरटीआय पोर्टलवर दहा रुपये ऑनलाइन भरा. दुसरी चूक त्याहून मोठी होती. मी लिहिलं होतं, ‘एवढा खर्च का केला?’ ‘का’ला उत्तर द्यायला अधिकारी बांधील नाही, त्याच्या दप्तरात असलेला कागदच तो देतो. म्हणून असं लिहा: ‘अमुक योजनेच्या जाहिरातींवर 1 एप्रिल 2023 ते 31 मार्च 2024 या काळात केंद्रीय संचार ब्युरोमार्फत झालेला खर्च, माध्यमनिहाय, तसेच मंजुरीच्या आदेशांच्या प्रती द्याव्यात.’ (हा ब्युरो म्हणजे केंद्राच्या जाहिराती देणारं कार्यालय.) बस्स. केंद्राला 500 शब्द चालतात, राज्याला 150 च, पण माझा चांगला अर्ज कधी 60 च्या पुढं गेला नाही.

उत्तराला 30 दिवस. नाही आलं तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील, केंद्रात त्याला फी नाही. तिथंही डाळ शिजली नाही तर 90 दिवसांत माहिती आयोगाकडे दुसरं. मी तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाच्या खाड्यांशेजारी लाल पेनने मांडतो. मुदत चुकली आणि उशिराचं सबळ कारण नसलं की अपील गेलं.

काही दारं बंदच मिळतील. पीएम केअर्स निधीचे पदसिद्ध अध्यक्ष पंतप्रधान, पण हा भारत सरकारचा निधी नाही असं पंतप्रधान कार्यालयाने दिल्ली उच्च न्यायालयात सांगितलं आणि माहिती अधिकार लागू होत नाही अशी भूमिका घेतली. अध्यक्ष पंतप्रधान, नाव पंतप्रधानांचं, आणि सभासदाला किर्द दाखवायची नाही? आमच्या सोसायटीत असं केलं असतं तर उपनिबंधकाने घरी बसवलं असतं. त्या निधीचे ऑडिट झालेले जमा-खर्च त्याच्या वेबसाइटवर आहेत, निदान तेवढे तरी वाचा.

कॅगचे, म्हणजे सरकारचे हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांचे, अहवाल मात्र मोकळे आहेत. आपल्या सोसायट्यांत ऑडिटरने आक्षेप काढला की दोष दुरुस्ती अहवाल द्यावा लागतो, तसंच कॅगच्या परिच्छेदांवर मंत्रालयाला संसदेच्या लोकलेखा समितीपुढं काय कारवाई केली ते सांगावं लागतं. परिच्छेदाचा क्रमांक टिपा आणि खासदाराला पत्र लिहा: ‘या परिच्छेदावर लोकसभेत प्रश्न विचारा.’ पोच घ्यायला विसरू नका.

परवा आबा म्हणाले, “मंग काँग्रेसले इचारं का कधी?” रास्त बोलले. आता माझ्या प्रत्येक अर्जात दोन वर्षं असतात, एक आत्ताचं, एक 2013-14 चं, त्याच रकान्यात. मागच्या अर्जाची पोस्टल ऑर्डर आबांनीच आणली. दहा रुपये अजून माझ्याकडून येणं आहेत म्हणतात.