गावच्या शहीद जवानांच्या स्मारकासाठी सरकारी निधी कसा मिळवावा

खानदेशातल्या अनेक गावांत पंधरा ऑगस्टला शहीद जवानाच्या फोटोला हार घातला जातो आणि त्याच दिवशी स्मारकाची घोषणाही होते. पुढे मात्र वर्षानुवर्षे काहीच उभे राहत नाही. याचा दोष बहुधा निधीच्या टंचाईला दिला जातो, पण माझ्या अनुभवात प्रस्ताव अडतो तो जागेवर आणि नावांवर.

म्हणून आधी जागा पक्की करावी. बसस्टँडसमोरचा चौक सर्वांनाच आवडतो. परंतु सार्वजनिक रस्ते आणि पदपथांवर पुतळे वा तत्सम बांधकामांना परवानगी देऊ नये, असा सर्वोच्च न्यायालयाचा १८ जानेवारी २०१३ चा आदेश आहे. गायरानाचा विचारही सोडून द्यावा, कारण २०११ मध्ये त्याच न्यायालयाने गावाच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणांबाबत कडक भूमिका घेतल्यापासून महसूल खाते तिथे सहजी हात लावू देत नाही. गावठाणातली, ग्रामपंचायतीच्या नावे नोंद असलेली जागा सर्वांत सोयीची. आमच्या गावचा पहिला प्रस्ताव परत आला तो केवळ जोडलेला उतारा शेजारच्या गटाचा होता म्हणून, आणि ती चूक सर्वस्वी आमचीच होती.

पुतळा की स्तंभ, हा प्रश्नही ग्रामसभेआधीच मिटवावा. पुतळ्याला जिल्हाधिकाऱ्यांची स्वतंत्र परवानगी लागते, त्याच्या मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता घ्यावी लागते आणि त्यात वेळ जातो. मी स्तंभच सुचवेन.

नावांची यादी कुटुंबीयांकडून घ्यावी, मात्र दगडावर कोरण्यापूर्वी ती जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडून तपासून आणावी. घरी ज्याला सगळे ‘भाऊसाहेब’ म्हणतात त्याचे पलटणीतले नाव वेगळेच असते. हुद्दा, पलटण, मोहीम आणि वीरगतीची तारीख सेवापुस्तकाप्रमाणेच असावी.

ग्रामसभेच्या ठरावात जागेचा क्रमांक, कामाचे नेमके नाव आणि देखभाल ग्रामपंचायत करील हे वाक्य असलेच पाहिजे. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तितके मतदार हजर असावे लागतात, तेव्हा हजेरीच्या वहीवर सह्या घेण्यात कुचराई करू नये.

अंदाजपत्रक जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागातील शाखा अभियंत्याकडून चालू दरसूचीप्रमाणे करून घ्यावे. त्यात कुंपण, फरसबंदी आणि पिण्याचे पाणी आताच धरावे, कारण मागाहून वाढीव मान्यता मिळवणे फार जिकिरीचे जाते. भुसावळ-जळगावकडच्या उन्हात चिकटवलेली पितळी अक्षरे सुटतात, शिवाय चोरीलाही जातात. काळ्या ग्रॅनाइटवर खोल कोरलेली अक्षरे टिकतात.

निधीसाठी पहिला अर्ज पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा नियोजन समितीकडे करावा. आमदार किंवा खासदार निधीचे पत्र मिळत असेल तरी हुरळून न जाता, त्या योजनेच्या निषिद्ध कामांच्या यादीत स्मारके येतात का, हे जिल्हा नियोजन कार्यालयात आधी पाहून घ्यावे. तांत्रिक व प्रशासकीय मान्यता आणि निविदा यांत महिने जातात आणि आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते. त्यामुळे दिवाळीनंतर हलवलेली फाइल बहुधा पुढच्या वर्षाच्या रांगेत जाते. अर्जाची पोच आणि आवक क्रमांक ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या (पूर्वीच्या ग्रामसेवकाच्या) कपाटात न ठेवता, त्याची एक प्रत शहीदाच्या घरी द्यावी. पाठपुरावा तेच घर सर्वांत चिकाटीने करते.