इंग्रजी वाक्यातलं सर्वनाम कसं ओळखायचं?

आय, यू, ही, शी, इट, वी, दे ही यादी बहुतेकांना पाठ असते. तरी 'दॅट' किंवा 'हर' दिसला की गाडी अडते. नुसता शब्द पाहून सर्वनाम ओळखता येत नाही. तो त्या वाक्यात कोणतं काम करतोय, ते पाहावं लागतं.

आधी क्रियापद शोधा आणि त्याला कोण, कोणाला, काय असं विचारा. 'मीना कॉल्ड हिम बिकॉज शी नीडेड हेल्प.' फोन कोणी केला? मीनाने. कोणाला? 'हिम'. गरज कोणाला होती? 'शी'. मीना आणि हेल्प ही नामं. 'हिम' आणि 'शी' नामाच्या जागी आलेत, म्हणून ती सर्वनामं.

मग संशय असलेल्या शब्दाच्या पुढे काय आहे ते बघा. 'धिस इज माय बॅग' यात 'धिस' एकटा उभा आहे, म्हणून सर्वनाम. 'धिस ओल्ड बॅग इज माइन' यात मात्र तो बॅगला चिकटलाय. तिथे तो दर्शक विशेषण, आणि सर्वनाम आहे 'माइन'. 'आय सॉ हर' मधला 'हर' सर्वनाम, 'हर पेन' मधला विशेषणासारखा. माय, हर, देअर यांना काही पुस्तकं सर्वनामांतच धरतात, तेव्हा परीक्षेत आपल्या पाठ्यपुस्तकाप्रमाणे लिहा.

सगळ्यात जास्त दमवतो तो 'दॅट', आणि इथे आपली मराठी फार उपयोगी पडते. वाक्याचा अर्थ मराठीत लावा.

'दॅट इज ट्रू': ते खरं आहे. सर्वनाम.
'दॅट हाउस इज बिग': ते घर मोठं आहे. विशेषण.
'द पेन दॅट आय लॉस्ट': जे पेन मी हरवलं. जो, जी, जे आलं की संबंधी सर्वनाम.
'आय नो दॅट ही इज राइट': मला माहीत आहे की तो बरोबर आहे. 'की' आलं, म्हणजे उभयान्वयी अव्यय.

ही चार वाक्यं वहीत उतरवून प्रत्येकासारखी दोन-दोन स्वतः रचा. एवढ्याने 'दॅट'ची भीती बरीच जाते.

एका ठिकाणी मात्र मराठीच्या मागे जाऊ नका. पंखा आपल्याकडे 'तो' आणि खुर्ची 'ती' असली, तरी इंग्रजीत दोन्ही 'इट'. शिवाय 'इट इज रेनिंग' मधला 'इट' कोणत्याच नामाबद्दल बोलत नाही, फक्त कर्त्याची जागा भरतो. तरीही तो सर्वनामच.

शेवटी प्रत्येक ही, शी, दे पासून तो ज्या नामासाठी आलाय तिथपर्यंत बाण काढा. 'राहुल टोल्ड अमित दॅट ही हॅड वन' (राहुलने अमितला सांगितलं की तो जिंकला होता) यात बाण दोघांकडेही जातो. स्वतः लिहिताना असं झालं, तर तिथे सर्वनाम काढून सरळ नावच लिहा.