हात लावण्याआधी जनावर पाहा

पशुवैद्यकीला नव्याने आलेली मुलं शरीररचना आणि औषधं घोकतात. प्राण्यांचं वर्तन म्हणजे कुत्र्यांच्या ट्रेनरचं काम, असं त्यांना वाटतं. रोज पेशंट तपासताना मला तसं कधीच वाटलेलं नाही. वर्तन हा निदानाचाच भाग आहे.

मांजराचंच बघा. घाबरलं की नुसत्या ताणाने त्याच्या रक्तातली साखर चढते, कधी कधी मधुमेह वाटावा इतकी. त्या एका आकड्यावर इन्सुलिन सुरू करणं धोक्याचं. फ्रुक्टोसामाइन (साखर चिकटलेली रक्तातली प्रथिनं) तपासलं तर मागच्या एक-दोन आठवड्यांतली साखर कळते. म्हणून मी मांजराला कॅरियरमधून ओढून काढत नाही. क्लिपा सोडून वरचं झाकण उचलते आणि खालच्या भागात, त्याच्या ओळखीच्या टॉवेलवरच त्याला तपासते. त्याआधी दोन मिनिटं नुसतं बघते. २०१९ मध्ये आलेल्या, मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना मोजणाऱ्या 'फेलाइन ग्रिमेस स्केल'मध्ये कान, डोळे, तोंडाभोवतालचा ताण, मिशा आणि डोक्याची ठेवण अशा ५ गोष्टींना ० ते २ गुण देतात. १० पैकी ४ किंवा जास्त झाले, तर वेदनाशामकाचा विचार करायचा. हे स्केल पहिल्या वर्षीच शिकून घ्या.

कुत्रा गुरगुरला तर ओरडू नका. तो इशारा देतोय. हा इशारा दाबला की पुढच्या वेळी कुत्रा थेट चावेल. म्हातारा कुत्रा अचानक अंगावर यायला लागला, की 'स्वभाव बिघडला' म्हणण्याआधी सांधे, दात, कान तपासा. फार वेळा मूळ दुखण्यात असतं.

गाईच्या थेट मागे तिला दिसत नाही; बाजूने, आवाज देत जवळ जा. निरोगी गाय दिवसातले सात-आठ तास रवंथ करते, त्यामुळे रवंथ कमी झालीय का, हे विचाराच. सशाने खाणं सोडलं, तर उद्यावर ढकलू नका.

दवाखान्यात भीतीपोटी लंगडणंसुद्धा लपतं, म्हणून घरचा व्हिडिओ मागवा. आणि 'काय होतंय?' एवढंच विचारून थांबू नका. 'आधी करायचा आणि आता करत नाही, असं काही आहे का?' असंही विचारा. सोफ्यावर उडी मारणं, जिना चढणं, स्वतःला चाटून साफ ठेवणं... उत्तरं इथून मिळायला लागतात.